उद्या बोलू

आमच्या ह्यांचा आवाज मी आधी ऐकला आणि माणूस नंतर पाहिला. लग्नाआधीची गोष्ट. कॉलेजच्या ग्राउंडमागच्या गल्लीत एका शिवणाच्या दुकानात मी कामाला होते. दुपार कलली की भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडायला लागायचं, "मागे ये, मागे. अरे बाबा, मागे म्हटलं, घरी जा नाही म्हटलं." मशीन चालू असलं तरी ते ऐकू यायचं. मालकीणबाई म्हणायच्या, हा माणूस एक दिवस घसा फाडून घेणार. मी म्हणायचे, ह्याच्या बायकोचे काय हाल होत असतील. मग ते हाल काय असतात ते मीच बघितले, दुसऱ्या कोणाला विचारावं लागलं नाही.

हे कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉल टीमचे कोच. कोच म्हणायचं आपण, कागदावर तसं कुठे नव्हतं. कागदावर 'क्रीडा सहायक'. म्हणजे चुन्याने रेघा मारा, चेंडूंत हवा भरा, गोलाच्या जाळ्या शिवून घ्या (त्या मी शिवायचे), बससाठी ऑफिसात खेटे घाला, आणि उरलेल्या वेळात टीम जिंकवा. प्राचार्य रसायनशास्त्राचे होते. बक्षीस समारंभात दर वर्षी आमच्या टीमचं कौतुक करताना 'हॉकी' म्हणायचे, आणि हे पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे. मी घरी येऊन चिडचिड केली की म्हणायचे, "जाऊ दे गं, कौतुक तर केलं ना."

लग्नानंतर आम्ही ग्राउंडसमोरच्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. खाली रस्त्याला लागून एक गाळा होता, त्यात मी माझं स्वतःचं मशीन टाकलं. टीमचे शर्ट, त्यावरचे आकडे, फाटलेले गुडघे, सगळं माझ्याकडे. एकदा घाईत मी सहा नंबर उलटा शिवला आणि त्या वर्षी टीममध्ये दोन नऊ नंबर पळत होते. पंचांनी हरकत घेतली तर हे त्यांना म्हणाले, "घरचं खातं आहे, मला काही बोलता येत नाही."

मुलं तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे भोंगा. ह्यांना ते माहीत होतं, आवडायचंही. आम्हाला मूल झालं नाही. हे एकदाच सांगते आणि पुढे जाते, कारण लोक लगेच म्हणतात, मग ती टीमच तुमची मुलं. नाही हो. ती लोकांची मुलं होती. अठराव्या वर्षी यायची, एकविसाव्या वर्षी निघून जायची, आणि दर वर्षी हे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. हे म्हातारे होत गेले आणि मुलं तेवढीच राहिली. जीव लागायचा, नाही असं नाही. पण जाणाऱ्याला थांबवायचा हक्क नसतो, आणि तो नाही हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता तो नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. हे स्वतः कॉलेजात खेळायचे तेव्हा एका हरलेल्या मॅचनंतर परतीच्या बसमध्ये त्यांच्या कोचने गोलकीपरला सगळ्यांदेखत उभं करून असं काही झापलं, की तो पोरगा मध्येच बस थांबली तिथे उतरला आणि चालत निघून गेला. ह्यांनी तेव्हाच कानाला खडा लावला. हरलेल्या दिवशी बोलायचं नाही. रागवायचं नाही आणि समजूतही घालायची नाही, कारण त्या दिवशी समजूतसुद्धा टोचते, असं ह्यांचं म्हणणं. बसमध्ये हे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, तोंड खिडकीकडे. मुलं मागे गप्प. कॉलेजच्या गेटशी आले की दाराजवळ उभे राहून उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द म्हणायचे, "उद्या." म्हणजे उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला एकेकाला कडेला घेऊन बसायचे आणि मातीत बोटाने रेघा मारत अख्खी मॅच परत खेळायचे. तोवर राग निवळलेला असायचा. मुलं हसायची, एकमेकांना नावं ठेवायची, परत पळायला लागायची. मी वरून खिडकीतून बघायचे. चांगला नियम होता. मी आजही म्हणते, चांगला होता.

डावऱ्या आमच्याकडे आला तेव्हा इतकं कमी बोलायचा की सुरुवातीला मला वाटलं, पोराला वाचा नाही. डाव्या पायाने खेळायचा म्हणून डावऱ्या. खरं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने मी त्याला कधी हाक मारली नाही, म्हणून इथेही सांगत नाही. घरी फक्त वडील, तेही कायम रात्रपाळीला. प्रॅक्टिसच्या आधी तास तास माझ्या दुकानात येऊन बसायचा. बसल्या बसल्या माझ्या सुया ओवून ठेवायचा. मी सांगितलेलं नसायचं. दहाबारा सुया वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवायच्या, कापडाच्या गोळ्यात खोचून ठेवायच्या आणि "जातो काकू" म्हणून पळायचं, एवढंच त्याचं बोलणं.

ह्यांचा तो फार लाडका, पण दाखवतील तर शपथ. उलट सगळ्यात जास्त ओरडा त्यालाच बसायचा. ज्याला हे ओरडायचे नाहीत त्याने समजून जावं की आपलं काही खरं नाही. डावऱ्याला ते कळत होतं. ओरडा खाल्ला की कान लाल करून हसायचा.

ह्यांच्या अख्ख्या नोकरीत टीम एकदाच फायनलला गेली. डावऱ्याचं ते शेवटचं वर्ष. मी दुकान बंद करून मॅचला गेले होते. बरोबरी झाली, जादा वेळेतही बरोबरी, मग पेनल्टी. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाच पाच जणांनी एकेक किक मारायची, समोर फक्त गोलकीपर. ह्यांची पद्धत अशी की पेनल्टीला कोणाला नेमायचं नाही. मुलांना रिंगणात उभं करायचं आणि विचारायचं, "कोण?" ज्याची हिंमत असेल तो हात वर करेल. चार हात वर झाले. पाचवा होईना. मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती आणि पंच घाई करत होता. ह्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि डावऱ्याकडे बोट केलं. "तू."

डावऱ्याने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला लांबून कळलं नाही. ह्यांना कळलं होतं. नको म्हणून हलवली होती.

त्याची किक गोलाच्या बारवरून गेली. पलीकडची मुलं नाचत एकमेकांच्या अंगावर पडली आणि डावऱ्या कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिला, जणू कोणीतरी येऊन त्याला पुढचं काम सांगणार होतं. शेवटी आमच्या कॅप्टनने जाऊन त्याला दंडाला धरून आणलं.

बसमध्ये मीही होते. नियमाप्रमाणे सगळे चिडीचूप. डावऱ्या सगळ्यात मागे, एकटा. मी ह्यांना कोपराने ढोसलं, म्हटलं, "जा, बसा जरा त्याच्याजवळ." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज नाही." गेटशी आलो. हे दाराजवळ उभे राहिले आणि एकेकाला म्हणाले, "उद्या." डावऱ्यालाही म्हणाले. तोंडातली सवय होती, आली बाहेर.

उद्या काही नव्हतंच. फायनल झाली की ग्राउंड बंद. नवी माती टाकतात, गवत लावतात, आणि शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षा देऊन निघून जातात. एरवी आम्ही पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीतच घरी यायचो, त्यामुळे हरलं तरी दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस असायचीच. फायनल हरायची सवय कोणाला होती? एवढा साधा हिशेब, पण त्या दिवशी ह्यांच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी हे अंथरुणातून उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी चहा ठेवला, गार झाला, उचलला. असे किती चहा त्या आठवड्यात मोरीत ओतले. मग एके सकाळी दाढी करता करता थांबले आणि म्हणाले, "मी त्याच्याशी बोललोच नाही गं."

"मग जा ना. परीक्षा चालू आहे, कॉलेजातच सापडेल."

"कोणत्या तोंडाने जाऊ? त्याला नको होतं. मी मारायला लावली."

"ह्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

नाही गेले. मी भांडले, अबोला धरला, डावऱ्याला मीच बोलावून आणते म्हणाले, तर हात धरून बसवलं. म्हणे, "हे माझं मला करू दे." माझ्या तोंडाला लागणं सोपं नाही, सगळी गल्ली सांगेल. पण 'माझं मला करू दे' म्हणणाऱ्या माणसापुढे काय बोलायचं? पुढच्या वर्षीपासून हे शेवटच्या मॅचनंतर बसमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाशेजारी जाऊन बसायला लागले. मुलांना वाटलं, सर आता वयामुळे हळवे झाले. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो त्या बसमध्ये नव्हता.

त्याच्या बातम्या मात्र यायच्या. जुनी मुलं दुकानात डोकावली की मी विचारायचे. डावऱ्याने फुटबॉल सोडला. वडील गेले. दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत लागला. लग्न झालं. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "एकदा जाऊन येऊ." मग टीमची निवड निघायची, मग मॅच, मग कोणाचा तरी पाय मोडायचा, मग पुढचं वर्ष. एकदा जाऊन येऊ, एकदा जाऊन येऊ, असं करत नोकरी संपली. निरोपाच्या समारंभात नवे प्राचार्य फुटबॉल म्हणाले. बरोबर शब्द ऐकून मला तिथेच रडू कोसळलं आणि शेजारच्या बाई मला पाणी देत बसल्या.

घरी बसल्यावर काही महिन्यांनी ह्यांचा आवाज बसला. आधी आम्ही थट्टेवारी नेलं. म्हटलं, भोंगाही निवृत्त झाला. काढे झाले, गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. आवाज जुन्या चादरीसारखा विरत चालला. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो, नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला नीट. म्हणाल्या, गाठ वाईट आहे, वेळेत सापडली आहे, जीवाला धोका टळेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर बोलता येणार नाही. पुढे एखादं यंत्र लावून थोडंफार जमवता येतं, पण तो आवाज तुमचा नसेल.

हे म्हणाले, "किती दिवस आहेत?"

बाईंनी ह्यांच्या हातावर हात ठेवला. "काका, घाबरू नका. तुम्ही बरे होणार आहात."

"ते नाही हो. बोलायचे किती दिवस आहेत?"

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. घरी आल्यावर ह्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "डावऱ्याकडे जायचंय." मी तेव्हाच कपाटावरून पिशवी काढली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं दवाखान्याच्या वाटेने आलं, पण आलं. तेव्हाचा कॅप्टन आता गावातच असतो, त्याच्याकडून पत्ता घेतला आणि सकाळची बस पकडली. वाटेत हे सारखे ओठ हलवत होते, काय बोलायचं त्याची तयारी. मी म्हटलं, "मनात म्हणा. घशाला ताण नको, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय." तर हसले. तसं हसू मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. माणूस हलका दिसत होता हो. मला खरंच वाटलं, आज हे ओझं उतरणार.

चौथ्या मजल्यावर घर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. दर मजल्यावर थांबत, दम खात वर गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. हसऱ्या तोंडाची, पदराला हात पुसत आलेली. सुट्टीचा दिवस होता, डावऱ्या घरातच होता. आतून बाहेर आला. अंगाने भरलेला, केस विरळ, चष्मा. ह्यांना पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"सर," एवढंच म्हणाला.

"कोण आहेत?" बायकोने विचारलं.

"आमच्या कॉलेजचे सर."

"अगंबाई, या ना, बसा. ह्यांनी कॉलेजचं कधी काही सांगितलंच नाही. मी म्हणते, शिकलात तरी का खरंच, की नुसतंच. काय शिकवायचात सर तुम्ही?"

मी खोलीभर नजर फिरवली. टीव्ही, कपाट, भिंतीवर एक घड्याळ, लग्नाचा फोटो. टीमच्या फोटोची एक प्रत प्रत्येक मुलाला मिळायची, ती कुठे नव्हती. बाई सहज विचारत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. हे तोंड उघडणार तेवढ्यात डावऱ्याने बायकोच्या मागून ह्यांच्याकडे बघत मान हलवली. अगदी थोडी. ह्या वेळी ती मलाही कळली.

"भूगोल," हे म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याने उन्हात उभं राहून आयुष्य घालवलं, ज्याच्या हाताखालून शेकडो मुलं गेली, तो माझा नवरा आवाजाच्या शेवटच्या दिवसांत परक्या घरात बसून सांगतोय, भूगोल. मी काहीतरी बोलणार होते. ह्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. त्याने नको म्हटलं होतं आणि ह्यांनी ते एकदा ऐकलं नव्हतं. आता ते ऐकणार होते, मग त्यासाठी काहीही म्हणावं लागो.

बाई चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "भूगोल का? म्हणूनच ह्यांना कुठला रस्ता सापडत नाही. जिथे जाऊ तिथे चुकतात."

"माझंच शिकवणं कमी पडलं असणार," हे म्हणाले. ती आणखी हसली. डावऱ्या कपातल्या चहाकडे बघत बसला. मग हवा, पाणी, शहरातली गर्दी, ह्यांच्या घशाला काय झालं. सर्दी बसलीय, हे म्हणाले. एवढं दूर काय सर्दी घेऊन आलात, असं बाईने विचारलं नाही, भली बाई. आम्ही उठलो. डावऱ्या म्हणाला, "स्टॉपपर्यंत सोडून येतो."

स्टॉपवर कोणी नव्हतं. एक बाक, त्यावर मी बसले. ते दोघे उभे.

"रागावू नका सर," डावऱ्या म्हणाला. "मी खेळायचो ते इथे कोणालाच माहीत नाही. हिलाही नाही. सांगितलं की लोक विचारतात, मग सोडलं का."

ह्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "तू नको म्हणाला होतास. मी मारायला लावली. चूक माझी होती. त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही, तो माझा मूर्खपणा. मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो रे. एक क्षणसुद्धा नाही." शेवटी शेवटी आवाज फाटला आणि खोकला आला. मी पाण्याची बाटली दिली.

डावऱ्या खोकला थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "पेनल्टीचं काही नाही सर. पेनल्टी कोणाचीही जाते. तुम्हीच शिकवलेलं." चष्मा काढून पुसला, परत घातला. "तुम्ही उतरताना उद्या म्हणालात. मी आलो होतो."

"बूट घालून आलो होतो. ग्राउंडच्या मागच्या गेटला कुलूप होतं. वाटलं, सरांना उशीर झाला असेल. अंधार पडेपर्यंत बसलो. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो, तर ट्रकमधून माती उतरवत होते. तरी रोज यायचो. काकूंच्या दुकानाकडे यायचा धीर होत नव्हता. परीक्षा संपेपर्यंत. मला वाटायचं, सगळ्यांशी बोलले असतील, आपल्याशीच बोलायचं नाहीये."

"मी कोणाशीच बोललो नव्हतो," हे म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "एकदा पाहिलं होतं मी तुला. पलीकडच्या कुंपणापाशी. मी घराच्या गॅलरीत होतो."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. मी बाकावरून उठले.

"मग हाक का नाही मारलीत?" डावऱ्याने विचारलं. त्यात राग नव्हता. चाळिशीचा माणूस, पण विचारलं ते अगदी त्या वयाच्या मुलासारखं, की सांगा ना सर, का. हे तोंड उघडून उभे होते आणि काही येत नव्हतं. ते घशातल्या गाठीमुळे नव्हतं, एवढं मला कळतं.

बस आली. डावऱ्याने माझी पिशवी वर चढवून दिली, "जपा काकू" म्हणाला आणि बस हलायच्या आत वळून चालायला लागला.

मी तिकिटाची गुंडाळी करत बसले. बोलले असते तर अख्ख्या बसने ऐकलं असतं. शेवटी न राहवून विचारलंच, "खरंच, का नाही मारली हाक?"

"वाटलं, चिडून आलाय. म्हटलं, खाली रस्त्यात सगळ्यांसमोर काही बोलला तर." हे थांबले. "भ्यालो गं मी."

तीन गल्ल्या पलीकडे ज्याचा आवाज जायचा तो माणूस एका हडकुळ्या पोराला भ्याला. मला इतका राग आला आणि इतकी कीव आली, की दोन्ही एकदम कुठे ठेवावं कळेना. मी ह्यांचा हात हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघत रडले. ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत हे माझ्याशी खूप बोलले. ते माझं आहे, ते सांगणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. भेटायला जुनी मुलं इतकी आली की नर्सने दारावर माणूस बसवला. कोणी टकलू झालेलं, कोणी पोट सुटलेलं, सगळे ह्यांच्यासमोर कॉलेजातल्यासारखे रांगेत उभे राहायचे. हे सगळ्यांचे हात हातात घ्यायचे, आणि दार वाजलं की मान उंच करून बघायचे. कोण आलं ते दिसलं की मान परत उशीवर टेकायचे.

घरी आल्यावर एके सकाळी ह्यांनी मला टाळी वाजवून बोलावलं. आता असंच बोलावतात. जवळ गेले तर डाव्या पायावर थाप मारली आणि हाताने, ये ये, अशी खूण केली.

"डावऱ्याला बोलावू?" मी विचारलं.

हो म्हणून मान डोलवली. मग परत खूण केली, जोरात, सबंध हात हलवून, ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या मुलाला बोलावतात तशी.

मी शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि मिळेल त्या बसने गेले. चार मजले चढले. डावऱ्या कामावर गेला होता. बायकोने मला लगेच ओळखलं. "भूगोलाच्या सरांकडच्या ना तुम्ही? कसे आहेत सर? सर्दी गेली का?"

"गेली," मी म्हटलं. "त्यांना एक निरोप द्या. सरांनी हाक मारलीय म्हणावं."

"काही काम होतं का?"

"काम काही नाही. हाक मारलीय, एवढंच सांगा. त्यांना कळेल."

ती म्हणाली, सांगते, नक्की सांगते. तिने सांगितलं असणार, तशीच बाई आहे ती. डावऱ्या अजून आलेला नाही. हे रोज दुपारी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. मी समोर बसून आकडे शिवते आणि कोणाची वाट बघताय, असं विचारत नाही.